आईसाठी हळू प्रोसेसर

कामठीच्या कबाड्याकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी सोनंवाली आहे का, असं त्याने मला विचारलं. जुन्या प्रोसेसरच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो. तो उतरवणारे लोक त्याच्याकडून पोतं भरून प्रोसेसर नेतात, आणि प्रोसेसर जितका जुना तितके ते लोक खूश. त्यामुळे त्याच्या गोदामात मदरबोर्डांची छातीएवढी थप्पी होती, पण बहुतेकांच्या मधोमध नुसता रिकामा चौकोन होता. मी म्हटलं, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, मला प्रोसेसरसकट बोर्ड हवा आहे, आणि तो चालणारा हवा आहे, कारण त्यावर गेम खेळायचा आहे. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मी खुलासा केला, की मला नाही, माझ्या आईला खेळायचा आहे. त्याने मला एक स्टूल दिलं आणि थप्पीकडे बोट दाखवलं.

आईला कंपवात आहे. उजव्या हातापासून सुरू झाला. आधी रांगोळी गेली, मग सुईत दोरा ओवणं गेलं, मग पोळी. पोळी गेली त्या दिवशी तिने लाटणं धुतलं, पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवलं, आणि आता हे वरच राहू दे, एवढंच म्हणाली. चहाचा कप अर्धाच भरायचा, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवून टाकलं. डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी लिहून दिली आणि स्पष्ट सांगितलं, की याने हात आवरेल, आजार मागे फिरणार नाही. एक रबरी चेंडू दाबायलाही सांगितला होता. आईने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला.

अशात एका दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आपला तो ओळीवाला गेम कुठी गेला वं?"

आमचं घर तांडापेठेतलं, विणकरांचं. समोरच्या खोलीत आजोबांचा हातमाग होता. बाबांनी माग विकला, विणकराचे पाय ज्या खड्ड्यात सोडलेले असायचे तो खड्डा सिमेंटने बुजवला आणि त्याच जागेवर टायपिंगचा क्लास सुरू केला. मी शाळेत असताना त्या क्लासमध्ये एक कॉम्प्युटर आला. दुपारी विद्यार्थी गेले आणि बाबा आडवे झाले, की आई त्या कॉम्प्युटरसमोर बसायची. वरून वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे पडतात, ते वळवून खाली नीट रचायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. बस, एवढाच गेम. वाचायला काही नाही, आईला इंग्रजी येण्याची गरज नाही. लहानपणी तिने चरख्यावर बसून रोज शेकड्याने सुताच्या कांड्या भरलेल्या, त्यामुळे तिची बोटं अशी चालायची की विद्यार्थी क्लास सुटल्यावर तिच्याशी पैज लावायला थांबत आणि हरून जात. बाबा वरवर चिडायचे. पाहुणे आले, की मात्र तेच तिला म्हणायचे, जरा दाखव यांना.

तर तिला तो गेम हवा होता. ज्या हाताने एकेक करून सगळी कामं सोडली, त्या हाताने पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. ते मी देणार नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

आधी मी सोपी वाट धरली. लॅपटॉपवर जुने गेम चालवता येतात, वेगही बांधून देता येतो. पण लॅपटॉपच्या चपट्या कळांवर आईचं थरथरतं बोट एकाच वेळी दोन-तीन कळा दाबायचं, ठोकळा भलतीकडेच जायचा. जुन्या कीबोर्डच्या कळा खोल आणि कडक. त्या थरथरीने दाबल्या जात नाहीत, मुद्दाम दाबाव्या लागतात. आईने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि हा आपला नाही, म्हणाली. खरं सांगायचं तर मला हे निमित्त हवंच होतं. लहानपणी बाबांनी मला त्या कॉम्प्युटरचं झाकण कधी उघडू दिलं नव्हतं.

आता या गेमची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याला स्वतःचं घड्याळ नाही. प्रोसेसर जितका वेगवान, तितक्या वेगाने ठोकळे पडतात. आजच्या मशीनवर तो तसाच चालवला, तर ठोकळा नजरेला पडायच्या आत खाली पोचलेला असतो. म्हणजे मी प्रोसेसर निवडत होते, तेव्हा खरं तर ठोकळे आईच्या हाताला सापडतील की नाही, हेच ठरवत होते.

पण याचा विचार करायची मला तेव्हा गरजच वाटली नाही. आपल्याकडे ४८६ या क्रमांकाचा प्रोसेसर होता, हे मला ठाऊक होतं. क्लासच्या दारावर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, '४८६ कॉम्प्युटरवर शिक्षण'. मी शाळेत याच आकड्यावर भाव खाल्ला होता. तो कॉम्प्युटर मात्र केव्हाच भंगारात गेला होता. मग तीन रविवार शेअर ऑटोने कामठी, आणि त्या स्टुलावर बसून बोर्ड चाळणं. जुना बोर्ड निवडताना आधी बॅटरीचा कोपरा पाहायचा. बॅटरी फुटून गळलेली असली, की तिथे हिरवट-निळं पडतं आणि तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात. थोडं खाल्लेलं असेल तर लिंबाचा रस आणि जुना टूथब्रश यांनी निघतं. फार खाल्लेलं असेल तर लिंबू वाया जातं. मी पुष्कळ लिंबं वाया घालवली. शेवटी एक ४८६ सापडला, चिपसकट. घरी आणून जुन्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवला, खोल कळांचा कीबोर्ड जोडला, गेम चढवला. वीज देणारे दोन प्लग शेजारी शेजारी लागतात, दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध यायला हव्यात, उलटं झालं तर बोर्ड जळतो. मी तीनदा पाहिलं. बटण दाबलं आणि तो जुना 'टुक' असा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि मिनिटाभरात हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. ठोकळे धपाधप पडत होते. तिने हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने दाबून धरला. हात गेला माझा, म्हणाली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण तिला आनंद द्यायला गेलो आणि तिचा आजार तिच्याच डोळ्यांसमोर मांडून ठेवला, असं वाटत राहिलं. सकाळी पोहे खाताना मात्र ती एकदम हसायला लागली. मग तिने सांगितलं, की आपला तो हा नव्हताच. बाबांनी पाटीवर ४८६ लिहिलं होतं, पण आत कमीवाला होता, ३८६. विद्यार्थी यावेत म्हणून. तिला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि कोणाला सांगायचं नाही असंही बजावलं होतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिने ते पोटातच ठेवलं होतं. "मी कॉलेजात आजवर सांगत आले, की मी ४८६ वर शिकले," मी म्हटलं. तिने पोह्यांवर लिंबू पिळलं, म्हणजे अर्धं पोह्यांवर आणि अर्धं टेबलावर, आणि म्हणाली, "सांगत राय. त्यायले बरं वाटन."

मग मी तो ४८६ कबाड्याला परत केला आणि ३८६ शोधला. तेहतीस मेगाहर्ट्झ वेगाचा, करड्या रंगाचा, हाताच्या तळव्यात मावेल एवढा चौकोन, त्याला पंखाही लागत नाही. तो बसवला आणि पहिल्याच दुपारी आईने अकरा ओळी काढल्या. आठवडाभरात वीस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती वाकड्यातिकड्या अक्षरात आकडा लिहायला लागली. कोणी विचारलं की आज काय केलं, तर आधी ओळींचा आकडा यायचा आणि मग जेवण. मी बऱ्याच वर्षांनी तिला कशाबद्दल तरी बढाई मारताना ऐकत होते.

त्याच सुमारास खंडेनवमी आली. विणकरांच्या घरी या दिवशी हत्यारांची पूजा असते. माग थांबतो, धोटा, फणी सगळं पुसून पाटावर मांडतात, आणि मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे माग राहिला नाही, एक शिसवी धोटा तेवढा आहे. त्याच्यासोबत कात्री, कुकर, माझ्या गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप असं सगळं पाटावर जातं. त्या वर्षी आईने नवा जुना कॉम्प्युटरही मांडायला लावला, आणि मला झाकण काढायला सांगितलं. वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, याचा जीव कुठे आहे ते दाखव, असं तिचं म्हणणं. मी तो करडा चौकोन दाखवला. कोरडं कुंकू आणि बंद मशीन, तेव्हा बिघडण्यासारखं काही नव्हतं. तिने अनामिकेने आधी हळद आणि मग कुंकू लावलं. हात हलला आणि ठिपका तांदळाच्या दाण्यासारखा लांबट झाला. मी झाकण लावून टाकलं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत कॅलेंडरवरचे आकडे उतरायला लागले. विसाचे चौदा झाले, चौदाचे नऊ. संक्रांतीच्या आसपास पाच, आणि मग तिने लिहिणं बंद केलं. एक दिवस मी कॉलेजातून आले तर कॉम्प्युटरवर जुन्या साडीचा तुकडा घातलेला. डोळे दुखतात, म्हणाली. तिचे डोळे दुखत नव्हते. आजार पुढे सरकला होता, आणि तो सरकणार हे डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. तरीही मला ते सहन होईना. मला तिच्या हाताचं काहीच करता येत नव्हतं, तेव्हा मला ज्यातलं कळतं ते मी केलं. मी पुन्हा कामठीला गेले.

कबाड्याला मी सोळा वेगाचा ३८६ मागितला, म्हणजे आधीच्या निम्म्याचा. तो थप्पीतून शोधताना म्हणाला, "सारी दुनिया तेज मांगती है, म्याडम. तुम्हीच एकट्या, दर वेळी अजून मागचा मागता." मी त्याला कारण सांगितलं नाही. शनिवारी आई भजनाला गेली, तेव्हा तेहतीसचा बोर्ड काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटावर ठेवला आणि सोळाचा बसवला. बाहेरून कॅबिनेट तेच. आई आल्यावर सांगितलं, की आतली धूळ साफ केली, जरा पाहा. तिने साडीचा तुकडा काढला आणि अठरा ओळी काढल्या. साफ केल्याने फरक पडला, मी म्हटलं.

"मशीनले नाई वं. हाताले फरक पडला," ती म्हणाली, आणि हात वर करून उलटासुलटा करून पाहिला.

तिथेच तिला सांगायला हवं होतं. तिचा चेहरा पाहून माझ्याने सांगवलं नाही. मी चहा ठेवायला गेले.

उन्हाळ्यात हात आणखी बिघडला. कूलरच्या आवाजात ती खेळायची आणि मी दारात उभी राहून पाहायचे, की ठोकळा येतो, तिला तो कुठे बसवायचा हे कळतं, आणि बोट पोचेपर्यंत तो खाली गेलेला असतो. मे महिन्यात मी सोळाचा काढून २८६ बसवला, आठ वेगाचा. छोटासा काळा चौकोन. पुन्हा धूळ साफ केल्याचं सांगितलं, आणि पुन्हा तिच्या ओळी वाढल्या. कॅलेंडरवर बावीस आलं. शेजारणीला तिने हाक मारून सांगितलं, की औषध लागू पडलं. ते मी गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकलं.

पावसाळ्यात मात्र ती चालता चालता दारात थबकायला लागली. उंबरठ्यापाशी पाय उचलतच नसे, दोन-दोन मिनिटं तशीच उभी. एकदा न्हाणीघराच्या दारात पडता पडता राहिली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, त्यांनी विचारलं. आई हो म्हणाली. मीही छातीठोकपणे हो म्हणाले, कारण सकाळ-संध्याकाळची गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवत होते. दुपारची ती आपली आपण घ्यायची, मी तेव्हा कॉलेजात असते. त्यांनी औषधात थोडा बदल करून दिला. त्यानेही फारसं काही झालं नाही.

नवरात्राच्या आधी मी कामठीहून आणखी एक बोर्ड आणला. सगळ्यात पहिल्या पिढीचा, वेग पावणेपाच. याच्याखाली काही नाही. गेम ज्या प्रकारच्या मशीनवर चालतो, त्यांची शिडी इथे संपते. कबाड्याने तो सोनंवाल्यांपासून माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता, एका पोत्याखाली. येताना ऑटोत तो मांडीवर घेऊन बसले होते, आणि मनात एकच, की हाही संपला की मी काय करणार आहे. घरी आल्यावर तो बसवला नाही. कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला.

आणि मग या वर्षीची खंडेनवमी. आईने सकाळी पाट मांडला, धोटा ठेवला, कात्री, कुकर, किल्ली. कॉम्प्युटरचं झाकण काढ, म्हणाली. मी काढलं. खरंच सांगते, माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. काळ्या तारा मधोमध आहेत का, हे तीनदा तपासणारी मी, पण गेल्या वर्षीच्या कुंकवाचा मला पार विसर पडला होता.

आई चष्मा सावरत वाकली. बराच वेळ आत पाहत राहिली.

"माझं कुंकू कुठी आहे?"

साफ करताना पुसलं गेलं असेल, मी म्हटलं. तिने मान हलवली नाही. हा चौकोनच तो नाही, म्हणाली. तो करडा होता, मोठा होता, हा काळा आणि बारका आहे. जन्मभर सुताच्या छटा पाहिलेल्या बाईला रंग शिकवायला जाण्यात अर्थ नव्हता. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. संक्रांतीला सोळाचा, मे महिन्यात आठचा. दोन्ही वेळा हात तोच होता, उलट बिघडलेला होता, ठोकळेच हळू पडत होते.

 ती तोंडातल्या तोंडात महिने मोजत होती, एवढं दिसलं. मग पाटाचा आधार घेऊन उठली. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी तिचे पाय थबकले, मी धरायला उठले, तर तिने हातानेच थांब म्हटलं. आत गेली आणि सुपारीचा पत्र्याचा डबा घेऊन आली. तो खुळखुळत होता, तिच्या हातामुळे जास्तच. माझ्यासमोर ठेवून झाकण काढलं. आत गोळ्या होत्या, काठोकाठ.

होळीपासून तिने दुपारची गोळी घेतली नव्हती. मळमळायचं. हात तर सुधारला होता, ओळी वाढल्या होत्या, मग कशाला घ्यायची, असा तिने हिशेब केला होता.

मग मला उलगडलं. मी मशीन हळू केलं, म्हणून तिला हात सुधारल्यासारखा वाटला. हात सुधारला म्हणून तिने गोळी सोडली. गोळी सोडली म्हणून हात बिघडला, आणि हात बिघडला म्हणून मी मशीन आणखी हळू केलं. सात महिने आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींच्या प्रेमापोटी, हे करत होतो. आणि पावणेपाचचा बोर्ड साड्यांच्या मागे वाट पाहत होता.

माझा स्वभाव असा, की जिथे रडायचं तिथे मी ओरडते. मी तिच्यावर ओरडले. डॉक्टरांना खोटं कसं सांगितलंस, मला विचारायचं नाही का, तू काय लहान आहेस का. तिने सगळं ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती, ते लागत नव्हतं.

"डॉक्टर मले महिन्यातून पाच मिनिटं पायते," ती म्हणाली. "मशीन रोज पायते. अन् मले वाटलं, मशीन काही खोटं बोलत नाई."

 मी तिच्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं.

पुढे आम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि दोघींनी मुकाट्याने बोलणी खाल्ली. दुपारच्या गोळीला मी आता फोन करते आणि ती गिळेपर्यंत फोन ठेवत नाही. काही दिवसांनी उंबरठ्यावरचं थबकणं कमी झालं. हात थोडा परतला. सगळा परतला नाही. किती गोळी सोडल्याने गेला आणि किती तसाही जाणारच होता, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि मला ते आता विचारायचंही नाही.

पण त्या दिवशी पूजा अर्धीच झाली होती. आईने पदराने तोंड पुसलं आणि काढलेले सगळे बोर्ड आणायला सांगितले. मी कपाटावरून दोन्ही गठ्ठे आणले, वर्तमानपत्र सोडलं. तेहतीसच्या चौकोनावर गेल्या वर्षीचा तो लांबट ठिपका तसाच होता, फक्त रंग विटलेला. तिने त्यावर बोट फिरवलं. मग सोळाचा त्याच्या शेजारी ठेवायला लावला, आणि उघडं कॅबिनेट त्याच्यापुढे.

"याच्या खाली आहे का वं आणखी?"

आहे एक, मी म्हटलं. शेवटचा.

"आण."

मी साड्यांच्या मागून पावणेपाचचा काढून आणला. तो तिने रांगेत शेवटी ठेवला. तेहतीस, सोळा, आठ, पावणेपाच. मग हळदीकुंकवाची कोयरी जवळ ओढली आणि वरून खाली एकेकाला लावत गेली. तेहतीसच्या जुन्या ठिपक्यावर नवा. सोळाला लावताना बोट सरकलं, कुंकू बोर्डावर सांडलं. मी फुंकर मारली. आठला दोनदा लावावं लागलं. शेवटच्याकडे हात नेला तेव्हा तो इतका हलत होता, की मी नकळत तिचं मनगट धरलं.

"धरू नको," ती म्हणाली. "याले आजच लावून ठेवते. पुढच्या वर्षी हा लागन, अन् हात पोचन न पोचन."

मी मनगट सोडलं. ठिपका चिपवर पडलाच नाही, शेजारी पडला. तिने तो तिथेच राहू दिला, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता मले खाली उतरवायचं असंन, तं सांगून उतरव."

दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. मी पाणी आणायला उठले.